चव्वेचाळीस हजार शंभर

—नाही नाही ताई, वायर नाही, वायर दोनदा बदलून झाली, दुसरी तर तुमच्याच दुकानातली आहे. आणि "बंद करून परत चालू करा" हे तर सांगूच नका — दुसरं काही केलेलंच नाही मी एवढ्यात. हा डबा परत घ्या आणि याच्या वरचा द्या. तिसरा आहे हा! इंटरफेस म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा, मी डबाच म्हणतो. एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, आणि मधे बसून यानं आपलं डोकं खायचं — एवढंच याचं काम.

ड्रायव्हर? घातला ना! कंपनीचा घातला तर प्रत्येक वाक्यात टक्, टक् — शेजारी बसून कुणी बोटं मोडतंय जसं काही. बफर वाढवा म्हणाले, वाढवला, तरी टक्. मग नेटवर एकानं सांगितलं, कंपनीचा काढून टाका, हा फुकटचा घाला, कुठल्याही डब्याला चालतो. घातला — टकटक गेली, एकदम साफ! हॅलो, एक-दोन-तीन म्हणून लॅपटॉपच्याच स्पीकरवर ऐकलं, तर माझा आवाज असा भारदस्त — म्हटलं वा, जन्मभर घरात आपल्याला कुणी घाबरलं नाही ते या माइकवाचून. हसताय काय? आणि रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधला आकडा शहाण्णव हजारावर नेला, जास्त म्हणजे चांगला म्हणून, तर मीच चार वर्षांच्या पोरीसारखा चिवचिवायला लागलो. तिन्ही डब्यांत तेच. मला काय कळायचं? मी म्हटलं, डबेच टाकाऊ. नाही, आकड्यांचं मला शिकवू नका, बत्तीस वर्षं दुकानांतली वजनं-मापं तपासलीत मी. सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची, तो आकडा — कळतं मला. कागदावर चव्वेचाळीस हजार शंभर लिहिलं होतं, प्रोग्राममध्ये तेच टाकलं.

कागद हॉस्पिटलचा, दुसरा कसला? गाणं? गाणं कसलं हो, आमच्यात कुणी न्हाणीघरातसुद्धा गात नाही. बायकोसाठी चाललंय हे. हिच्या घशाचं ऑपरेशन आहे परवा. स्वरयंत्रच काढणार आहेत. — असू दे, असू दे, बसा तुम्ही, तुम्हाला काय माहीत. — तर तिथल्या बाई म्हणाल्या, आधी आवाज साठवून ठेवा. साडेतीनशे वाक्यं घरी रेकॉर्ड करून द्यायची, मग नंतर ही टाइप करणार आणि मशीन हिच्या आवाजात बोलणार. वाक्यं तरी काय — खिडकी लाव, उशी दे, माझा चष्मा कुठे ठेवलास. ही आपली वाचताना "उशी द्या", "कुठे ठेवलात". म्हटलं, अगं, लिहिलंय तसं वाच की! तर म्हणते, मागणार तुमच्याकडेच ना, मग तुम्हाला अरे-तुरे करू? कपड्यांच्या कपाटात बसवलं होतं हिला, तिथे आवाज घुमत नाही — ही आत स्टुलावर, मी बाहेर फरशीवर लॅपटॉप घेऊन, ही चुकली की मी खेकसायचो, मी खेकसलो की ही हसायची, की वाक्य परत. चार दिवसांत तीनशे बारा झाली.

चौथ्या दिवशी म्हटलं, ऐकू तरी. लावलं, आणि — हिचा नव्हताच तो. म्हणजे हिचाच, पण जड, ओढल्यासारखा, जीभ सुजलेल्या माणसाचा असतो ना तसा. ही ऐकत राहिली. मग म्हणाली, "अहो, असा झालाय माझा आवाज?" आता काय सांगायचं, तुम्हीच सांगा. समोर बोलायची तेव्हा मला तसा वाटायचा नाही, जरा घोगरा, इतकंच. पण रोज ऐकणाऱ्याच्या कानाचा काय भरवसा? दुकानदार पोराबाळांची शपथ घेऊन सांगायचे, साहेब, वजन बरोबर आहे — मी कधी माणसाचं ऐकलं नाही, काट्याचं ऐकलं. म्हटलं, "मशीन कशाला खोटं बोलेल?"

हो, म्हटलं मी असं.

झालं, त्या दिवसापासून बोललीच नाही. दहा दिवस. वहीत लिहिते. पहिल्या पानावर लिहिलं, हा आवाज मला कुणाला ऐकवायचा नाही. नातीचा फोन आला की मला खूण करते — झोपलीय म्हणून सांगा. मुलगी म्हणते, बाबा, आईला बोलतं करा. कसं करू? म्हणून तर हे डबे! म्हटलं, चांगलासा डबा आणला तर उरलाय तो आवाज तरी जरा बरा येईल, मग ती कपाटात बसेल, उरलेली अडतीस वाक्यं म्हणेल. चूक केली का मी काही?

आहेत ना, सगळी आहेत, लॅपटॉप पिशवीतच आहे. पण इथे नका लावू ताई, गिऱ्हाइकं उभी आहेत, हिला नाही आवडणार. बरं, एकच. हळू लावा. … ऐकलंत? कसं ओढतंय बघा. — हे काय उघडलंत? ड्रायव्हरची वेगळी खिडकी? ही मी कधी पाहिलीच नाही. अठ्ठेचाळीस हजार? हे कुणी टाकलं? मी नाही टाकलं. ड्रायव्हर आपलाच आकडा धरून बसला? प्रोग्रामला न सांगता? म्हणजे मापं घेतली अठ्ठेचाळीस हजारांनी, आणि वाजवली चव्वेचाळीसनं … म्हणजे हळू होणार. म्हणजे जड होणार. कुणाचाही. माझासुद्धा.

आकडा बदलून लावा. तेच वाक्य. लावा म्हणतो ना!

…

ही. अहो, ही हो! अशीच बोलते ही. काही झालं नव्हतं हिच्या आवाजाला, काहीच झालं नव्हतं. दहा दिवस होते ताई तिच्याकडे बोलायला, आणि मी तिला वही आणून दिली.

किती वाजले? नको, डबा नको मला. कुठलाच नको. फोन काय करता, उचलणार नाही ती, सांगितलं ना — पावती राहू द्या, लॅपटॉपपण राहू द्या इथेच, उद्या नेईन. सरका. अहो, सरका बाजूला, जाऊ द्या मला घरी.