मास्तरांचा बोल्ट आणि प्रमिलाबाईंचा पाय

मंडळी, आजचा प्रश्न सोपा आहे. घट्ट बसलेली गोष्ट सुटते कशानं? जोरानं? पुढच्या रांगेतले अण्णा मान डोलावताहेत. पटलं म्हणून की पेंग आली म्हणून, ते देव जाणे. आपण पटलं असं धरून पुढे जाऊ!

तर ऐका! भोर गावात दामोदर घळसासी नावाचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढावं, तर कंपासनं लाजावं! पत्नी प्रमिलाबाई. आणि घरातली तिसरी म्हणजे दारातली जुनी पांढरी मोटार. दसऱ्याला हार, एरवी हाल!

एकदा गाडीतून येताना बाई म्हणाल्या, "अहो, पुढून किरकिर येतेय. उजव्या बाजूनं."

मास्तर काय म्हणाले? मंडळी, तुम्ही जे म्हणाला असता, तेच म्हणाले — "तुला गाडीतलं काय कळतं?"

झालं! बाईंनी तिथंच जाहीर केलं, "या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही!" आणि अबोला सुरू. आता अबोला म्हणजे घरात शांतता असते का हो? छे! बोलणं उलट वाढतं, फक्त एकमेकांशी नसतं. बाई कढईला सांगायच्या, "वाढलंय म्हणावं." मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचे, "मीठ कमी पडलंय म्हणावं." कॅलेंडर बिचारं वाऱ्यानं हलायचं, मास्तरांना वाटायचं, निरोप पोचला!

पुढे मास्तरांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पुढच्या पुलीमागून तेल गळतंय, पट्ट्यावर उडतंय, पट्टा किरकिरतोय. कुठल्या बाजूनं? उजव्या! मास्तरांनी बॉनेट हळूच लावलं. कॅलेंडरलासुद्धा सांगितलं नाही!

आणि उद्या साताऱ्याला नातीचं बारसं. बाई कढईला म्हणाल्या, "मी एसटीनं जाणार."

मास्तरांनी मनातल्या मनात चित्र काढलं. आजोबा गाडीतून उतरणार, आजी स्टँडवरून चालत येणार — पाव्हणे पाळण्याकडे बघतील की या दोघांकडे? मास्तरांनी बाह्या सरसावल्या. आज ही गाडी नीट करणार. उद्या ही शेजारी बसणार. आज सोडत नाही!

गाडी जॅकनं उचलली, खाली लोखंडी घोडी लावली, चाक काढलं. पुलीच्या पोटात एकच बोल्ट. तो काढला की पुली निघते, मागचं तेल अडवणारं गळकं सील बदलता येतं. पाना लावला, ओढला — फिरला की हो! मास्तर हसले. आणखी ओढला, आणखी फिरला. मग लक्षात आलं, बोल्ट जागचा हललेलाच नाही. तो बसलाय क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर. आणि त्या दांड्याचं कामच गोल फिरणं! बोल्टासकट अख्खं इंजिन फिरतंय!

बोल्टावर तेल सोडलं. थांबले. हातोडीनं ठोकलं. पान्याला लांब पाइप जोडून लोंबकळले. इंजिन फिरलं, मास्तर खाली आले. उठले, कोपर झटकलं. सोडत नाही! गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे चाकं अडली की इंजिनही अडेल, आणि ब्रेकवर विटा रचल्या — विटा घसरल्या. सीट आणि ब्रेकच्या मध्ये काठी अडकवली — मास्तरांनी पाना ओढला, सीटच मागं गेली! इंजिन बंद असलं की ब्रेक कडक होतो, मंडळी. तो दाबून धरायला माणूस लागतो. जिवंत. जोर लावणारा. न घसरणारा!

आणि असा माणूस समोर ओटीवर मेथी निवडत बसलेला! ज्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणून शपथ घेतली, त्याच गाडीत नेमका तोच पाय हवा!

मास्तर गाडीला म्हणाले, "बाई गं, कुणीतरी आत बसून ब्रेक दाबला, तर होईल बघ."

बाई मेथीच्या जुडीला म्हणाल्या, "सांग त्यांना, मला गाडीतलं काय कळतं?"

मास्तरांनी पाना पुन्हा लावला. ओढला. इंजिन फिरलं. तेव्हा ते गाडीखालून बाहेर आले, नाकाला काळं, हाताला काळं, आणि ओटीसमोर उभे राहिले.

"प्रमिला, किरकिर उजव्या बाजूनंच होती. तुला कळली, मला नाही. मी बोललो ते चुकलं."

"मोठ्यानं बोला. मेथीला ऐकू नाही आलं."

"चुकलं!" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनीही ऐकलं!

बाईंनी मेथी बाजूला ठेवली, पदर खोचला, गाडीत बसल्या. दोन्ही पाय ब्रेकवर. "दाबलाय! ओढा!"

"सोडू नकोस हं!"

"सोडायचं असतं तर केव्हाच सोडलं असतं! तुम्ही ओढा!"

मास्तरांनी भिंतीला पाय टेकवला, सगळं अंग पाइपवर टाकलं. आत बाईंनी पाठ सीटला रेटली. पाइप वाकतोय, मास्तर लाल झालेत, गाडी कण्हतेय —

कडाक्!

मास्तर मटकन खाली बसले. "गेला! तुटला!"

आतून आवाज आला, "तुटला नाही. सुटला. तुटल्याचा आवाज निराळा असतो."

मास्तरांनी पाहिलं. सुटला होता! या वेळी 'तुला काय कळतं' म्हणाले नाहीत. शिकले! सील बदललं, पुली बसवली, आणि बघतात तो बाई अजून गाडीतच.

"अगं, उतर की आता!"

"बोल्ट परत घट्ट करायचाय ना? तेव्हा कोण धरणार, कॅलेंडर?"

म्हणून विचारतो, मंडळी — सुटला कशानं? अण्णा, आता मान डोलावू नका, उत्तर द्या! ओढणारा सगळ्यांना दिसतो. घाम त्याचा, फोटो त्याचा, सत्कार त्याचा. आत बसून धरून ठेवणारं माणूस मात्र काचेमागं असतं. तुम्ही आयुष्यात जे काही सोडवलंत म्हणून सांगता, तेव्हा ब्रेकवर पाय कुणाचा होता? आठवतोय चेहरा? मग आरती झाली की घरी जा आणि त्या माणसाला तसं सांगा. त्याच्या तोंडावर, मोठ्यानं.

कढईला नाही!