माणूस इतका सरळ चालत नाही

नाही नाही, त्या खुर्चीवर नको सर, तिचं एक चाक केव्हाच निघालंय – ही घ्या, ही दादाची, तो आज बाहेर गेलाय – आणि असता तरी उठून उभाच राहिला असता, अजून शिट्टी ऐकली की दचकतो. पीटीच्या तासाला तुम्ही त्याला मैदानाच्या किती फेऱ्या मारायला लावल्यात ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आणि आता बघा, त्याच्याच गेमने तुम्हाला मैदानाबाहेर काढलं! – हसलात ना? बरं झालं. मला वाटलं, चिडून आला असाल.

तर तुमची तक्रार. वाचली. तीनदा वाचली. 'मी लबाड नाही. मी रोज पाच वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर पडतो, कंदील लावतो आणि परत येतो. माझ्या पत्नीला विचारा.' – काकूंना कशाला विचारायचं सर! गेम साधा आहे आमचा – जागेवर पायी जायचं, फोनवर कंदील लावायचा, आठवडाभर तो सगळ्यांच्या नकाशावर तेवतो. पण लोक! लोक सोफ्यावर लोळत फोनला खोटं बोलायला लावतात, की मी आत्ता टेकडीवर आहे. एकाने फोन कुत्र्याच्या गळ्यात बांधला – निदान कुत्र्याचा तरी व्यायाम झाला. एक बाई टेबलफॅनला बांधायच्या. मग आम्ही यंत्राला शिकवलं – म्हणजे मीच शिकवलं, पाप माझंच – की चालण्याकडे बघ. खरा माणूस रेंगाळतो, त्याची चप्पल निघते, ओळखीचं कुणी भेटलं की गप्पा ठोकतो. खोटं चालणं मात्र एकसारखं. आणि तुम्ही सर – मिनिटाला एकशे बारा पावलं! रोज! चढावरसुद्धा! यंत्र म्हणालं, माणूस इतका सरळ चालत नाही, केलं खातं बंद. त्या बिचाऱ्याला काय माहीत, पस्तीस वर्षं पोरांकडून कवायत करून घेतलेले पाय आहेत हे.

आता तुम्ही म्हणाल, मग माझी वाट तपासा आणि उघडा खातं. तिथेच तर घोळ आहे. कोण कुठून कुठे गेलं ते आम्ही ठेवतच नाही. चोवीस तासांत पुसतो. दादाला वर्षभराचं ठेवायचं होतं – लबाड पकडायला सोपं जातं म्हणे. मी म्हटलं, दादा, वर्षभराची वाट म्हणजे काय, कळतंय का तुला? माणूस कुठल्या डॉक्टरकडे जातो, कुणाला भेटतो, कुणाची गल्ली टाळतो – ही त्याची गोष्ट आहे, आपल्या बापाची नाही! दोन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही, जेवताना आमटी वाढायलासुद्धा आईला मध्ये घालायचो. शेवटी मी राजीनामा टाइप केला तेव्हा कुठे वळला. लोक आपल्यावर विश्वास टाकून फोन खिशात ठेवतात सर, हे एवढं साधं – बघा, माझा आवाज चढला. दादा अशा वेळी कानात बोटं घालतो. घालू दे.

पण तुम्ही खरे आहात, मला तिळाएवढी शंका नाही. लबाड माणूस कशाला त्या निळ्या फाटकासमोर अकरा-अकरा मिनिटं उभा राहील? तिथे तर लावायला कंदीलही नाही. लबाडाला घाई असते, त्याला नुसते पटापट –

काय?

नाही, तुम्हीच म्हणालात की फाटकाचं. मघाशी. नाही? मग तक्रारीत असेल – थांबा, बघते – पाच वाजून दहा... पत्नीला विचारा... नाहीये.

बसा सर. प्लीज. सांगते. मी ठेवते. सगळ्यांच्या नाही हो! यंत्र आधी महिनाभर संशय घेतं, मग खातं बंद करतं – तेवढ्या संशयितांच्याच वाटा, पुसायच्या आधी एक प्रत, माझ्या लॅपटॉपवर. दादालाही माहीत नाही. एका नर्सताईंचं खातं असंच गेलं होतं, वॉर्डातल्या वॉर्डात त्याच त्या फेऱ्या, फोनवर रडल्या त्या, आणि त्यांना खरं ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण मीच पुसायला लावलेलं! तेव्हापासून. चांगल्यासाठीच. – हो, ऐकू येतंय मला, मी काय बोलतेय ते. दादाही अगदी हेच म्हणायचा. एक्केचाळीस जण आहेत. तुमची वाट तपासायला म्हणून उघडली आणि मग रोजच बघत गेले. वाटायचं, आज तरी आत जातील. ते घर कुणाचं ते मी बघितलं नाही – बघितलं. नकाशावर फोटो येतो, पाटीवर तुमचंच आडनाव आहे. मुलगा ना? – किती वर्षं बोलणं नाही? – आणि काकूंना काहीच माहीत नाही? त्यांना वाटतं, तुम्ही कंदील लावायला... अच्छा. म्हणून गेम.

पण ऐका, हे बरंच झालं! खातं उघडायला आम्हा दोघांची संमती लागते आणि दादा पुरावा मागतो. मी त्याला ही वाट दाखवते, तो माझ्यावर ओरडेल, ओरडू दे, माझी चूक आहे, पण दोन मिनिटांत तुमचं काम – दादाला नको? का, तो काही कुणाला – अजून भेटतात दादा आणि तुमचा मुलगा? दर रविवारी? मला वाटलं, शाळेपुरतीच मैत्री होती.

मग नाही उघडता येणार सर. तीन वर्षांचे कंदील आहेत तुमचे, हजाराच्या वर. – ही वाट पुसू? नक्की? परत येत नाही हं काही, ती सोय मीच भांडून काढून टाकलीय. बरं. इकडे या, तुमच्या डोळ्यांसमोर. हे बघा – गेली. – बाकीच्यांच्याही? चाळीसच्या चाळीस? त्यांनी तर कुणी पुसायला सांगितलं नाहीये. – हो. ठेवू का, हेही मी विचारलं नव्हतं. – झालं. सगळं गेलं.

आता नवीन खातं काढा. काकूंना सांगा, फोन बिघडला होता. आणि पावलं जरा चुकवत चला, नाहीतर यंत्र परत धरेल – औषधांच्या दुकानापाशी तो चढ लागतो ना, तिथे दम लागल्यासारखं करा, आणि फाटकाशी पोचलात की सरळ बेल दाबा सर एकदा! अकरा मिनिटं नुसतं उभं राहण्यापेक्षा – नाही. सॉरी. सॉरी. फाइल गेली, आणि मी अजून तुमच्या मागे मागे चालतेच आहे.

उठा सर. नाही, आता काही विचारू नका, उठाच. आणि वाट बदला, एवढं माझं ऐका. उद्यापासून दुसऱ्या रस्त्याने जा. – नाही नाही, कुठल्या ते मला सांगू नका.