फादरांची शाळा आणि माझा प्रश्न

चारचौघांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते कुठे, सांगू? मुलांच्या शाळेत.

मी आणि माझी मैत्रीण श्रुती तिथे वक्तृत्व स्पर्धेला गेलो होतो. फादर लोकांची जुनी शाळा, फक्त मुलांची. स्पर्धेआधी मुख्याध्यापक फादर स्वतः सगळ्या पाहुण्यांना शाळा दाखवायला निघाले. मला मात्र बसमधून उतरल्यापासून बाथरूमला जायचं होतं, आणि तिथे सगळी बाथरूमं मुलांची.

"हे चॅपल शाळेपेक्षा जुनं आहे," फादर म्हणाले. मग घंटा, मग ग्रंथालय.

"काहून अशी चालून राहिली वं?" श्रुतीने कानात विचारलं. मी सांगितलं.

"मंग विचार ना फादरले."

"तू विचार."

"मले काहून? लागली तुले."

आता आम्ही पोहण्याच्या तलावापाशी होतो. एका नळातून तलावात पाणी पडत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

"आमच्याकडे सगळ्या सोयी आहेत," फादर म्हणाले. "कुणाला काही विचारायचंय?"

माझा हात वर गेला. "फादर, मुलींचं बाथरूम कुठे आहे?"

फादरांनी खिशातून किल्ली काढली आणि आपल्या ऑफिसमागचं बाथरूम उघडून दिलं.

मी बाहेर आले तेव्हा भाषणाची भीतीसुद्धा गेली होती. याहून अवघड आता काय बोलायचं होतं?

यंदा आम्ही पुन्हा गेलो. फादर फाटकातच उभे होते. म्हणाले, "चॅपल नंतर बघू. मुलींनो, तुमचं बाथरूम डावीकडे."