सातवीच्या पोरांनी खंड सरकवले

कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! सांगून सांगून घसा बसला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, विचारतात, "सभागृहातलं करंडकांचं कपाट कोणी फोडलं?" मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "बाई, खंड आदळला." तर कारकून मेला जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतोय! अरे, वास कसला घेतोस? चौथीपर्यंत शिकलेली बाई खंडाबिंडाचं बोलली की प्यायलेलीच असणार, असं का?

तुम्हाला सांगते, सुरुवात झाली ती भूगोलाच्या सरांपासून. सर नवीन, अंगानं काडीपैलवान, पण उत्साह असा की खडू मोडतो हातात! सातवीला सांगत होते, जमीन सलग नसते, तिचे मोठाले तुकडे असतात, त्यांना भूपट्ट म्हणायचं, त्यांच्यावर बसून खंड सरकतात. मी दारात फडकं पिळत होते, ऐकत होते. आता सातवीची पोरं ती, ऐकून घेतील? "सर, मी सकाळपासून इथंच उभा आहे, कुठं सरकलो?" एक चष्मेवाली म्हणते, "जमीन सरकते तर आमचं घर शाळेच्या जवळ का येत नाही?" सर म्हणाले, "अगं, फार हळू सरकते. आपली नखं वाढतात ना, त्या वेगानं." नखाच्या वेगानं म्हणे! झालं, सगळा वर्ग आपापली नखं बघत बसला, पुढचं शिकवणं राहिलं बाजूलाच...

सर हटले नाहीत. म्हणाले, "चला सभागृहात, दाखवतोच!"

आणि दिवस कुठला निवडला? माझ्या नशिबाचा! दुपारी संस्थेचे अध्यक्ष येणार होते, मला कायम करायचं की नाही ते ठरवायला. बारा वर्षं हंगामी आहे हो मी! खंड बरे, ते तरी कुठंतरी पोचतात. म्हणून मोठ्या बाईंनी सकाळीच फर्मावलं होतं, "सभागृहाच्या फरशीत तोंड दिसलं पाहिजे. मेण दोनदा मार." मारलं. असं मारलं की माशी बसली असती तर घसरली असती.

त्या फरशीवर सरांनी व्यायामाच्या गाद्या टाकल्या. एक गादी म्हणजे एक खंड, प्रत्येकावर सहा-सात पोरं, पायांनी रेटत सरकायचं. मी कपाटाच्या काचा पुसत होते, तर मलाच हाक! "मावशी, जरा मध्ये उभ्या राहता? तुम्ही अटलांटिक." आता नाही कसं म्हणणार? कमरेवर हात ठेवला आणि झाले महासागर. माझ्या डावीकडे दक्षिण अमेरिका, उजवीकडे आफ्रिका, दोघं लांब लांब जायला लागले, आणि सर ओरडतात, "मावशी, रुंद व्हा, रुंद व्हा!" अहो, आणखी किती रुंद होऊ?

मग आफ्रिका निघाली युरोपाकडे. सरांनी बजावलं, "हळू! नखाच्या वेगानं!" आणि खरंच, हळूच गेली, टेकली, आणि दोन्ही गाद्यांच्या कडा मधोमध अशा वर उठल्या... चष्मेवाली हळूच म्हणाली, "सर, पर्वत!" खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. सरांचे तर डोळे भरले.

तिथं थांबायचं ना! पण पोरंच ती. "सर, आणखी एक, मोठा!" आफ्रिका मागे गेली ती पार भिंतीपर्यंत, आणि धावत आली! खंड कधी धावत येतात का हो? फरशीला दोनदा मेण! युरोपावर आदळली, फिरली, अटलांटिकनं, म्हणजे मी, उडी मारली म्हणून वाचले, आणि गेली ती सरळ कपाटात! काचांचा खच, करंडक गडगडत जिन्यापर्यंत. नखाच्या वेगानं म्हणे!

मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी. मला म्हणतात, "तू तिथं होतीस, थांबवलं का नाहीस?" म्हटलं, "बाई, महासागर कुणाला थांबवतो?" पुन्हा कारकुनाचं नाक पुढं! मग पोरं. युरोप म्हणतो, आम्ही जागचे हललो नाही. दक्षिण अमेरिका म्हणते, आम्ही केव्हाच दूर गेलो होतो. सर बिचारे प्रामाणिक, म्हणाले, "बाई, दोष खंडाचा नसतोच. खाली जे असतं ते त्याला हलवतं." "खाली काय होतं?" "मेण." झालं! सगळ्यांच्या माना माझ्याकडे! म्हटलं गेली नोकरी. पण मीही काही कच्ची नाही. म्हटलं, "मेण मीच मारलं. पण दोनदा मार असं सांगितलं कोणी, तेही लिहा!"

मोठ्या बाई एकदम टेबलावरचा पेपरवेट नीट ठेवायला लागल्या.

तेवढ्यात अध्यक्ष आत. वय झालेले गृहस्थ, ऐकू कमी येतं असं नाही, पण समजून घ्यायला सवड नाही. बाईंनी घाईघाईनं सांगितलं, "मावशीचा काही संबंध नाही, माझा तर नाहीच, कपाट आफ्रिकेनं फोडलं." अध्यक्षांनी मान डोलावली, माझ्या कागदावर सही ठोकली, मी कायम झाले! आनंदानं रडू की हसू, तोवर ते दारातून वळले आणि कडक आवाजात म्हणाले, "या मावशी चांगल्या आहेत. पण उद्या आईवडिलांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसू द्यायचं नाही... त्या आफ्रिकेला!"