पाहुण्यांकडे पाठ

— नाही, नाही, त्या खुर्चीवर नका बसू साहेब, तिचा पाय मोडलाय, ती आम्ही फक्त फोटोपुरती मांडतो. ह्या बाकावर बसा. पाणी देऊ? माठातलं आहे — मैदानातलं नाही, मैदानात पाणी असतं तर तुम्हाला पुण्याहून इथवर यावंच लागलं नसतं. आणि फाइल उघडायच्या आधी एकच विनंती, तुमचा तो सौरपंप, ते पॅनेल, एकदा जवळ जाऊन बघून या. हो, ऊन आहे, जानेवारीचं असलं तरी चटका आहेच, पण दोनशे पावलं, जास्त नाही. मागच्या महिन्यात आलेले साहेब बाकावरूनच बघून गेले. "छान चमकतंय हो," म्हणाले. चमकायला काय, घासलेली परातसुद्धा चमकते.

पाटी वाचलीत ना फाटकावरची? 'पंचक्रोशीतील पहिले सूर्यशक्तीवरील फुटबॉल स्टेडियम.' स्टेडियम! एका अंगाला सात पायऱ्या, दुसऱ्या अंगाला बाभळी, झालं स्टेडियम. आमच्या मैदान कमिटीचे चेअरमन — गोरक्षनाना — हिवरे बाजारला जाऊन आले, तिथलं पाण्याचं काम बघून आले, आणि मग त्यांना आठ दिवस झोप नाही. आपणही काहीतरी निसर्गाचं करायचं! झाडं लावा म्हटलं तर नको, झाडं वाढायला वेळ लागतो. मग तुमच्या खात्याची योजना सापडली. सूर्यावर पंप, पंपावर गवत, गवतावर फुटबॉल. विजेचा खेळखंडोबा नाही, डिझेलचा धूर नाही. कल्पना वाईट नव्हती हो, मी तर हरखून गेले होते, अर्जसुद्धा मीच लिहिला. मी इथं हंगामी कारकून आहे — बी.एस्सी., फिजिक्स — पत्रव्यवहार बघते, पावत्या फाडते, नानांच्या भाषणात 'पर्यावरण' शब्द किती वेळा आला ते बघते.

आता गवताचं विचारताय. बघा ना, समोरच आहे. गवत आहे का ते? कुणाच्या तरी टकलावरचे केस आहेत. दिवाळीपर्यंत हिरवंगार होतं, दिवाळीनंतर पंपाचं पाणी रोज थोडं थोडं कमी. पाइप गळतोय की पंप चालतोय ते कळू नये इतकं. आणि कमिटीचं म्हणणं काय? यंत्र तर सरकारी, नवं कोरं, मग दोष यंत्राचा कसा असेल? दोष ग्राउंडमनचा. पाणी देत नाही, झोपा काढतो. उद्या इथल्या स्पर्धेची फायनल आहे, फायनल झाली की मीटिंग, आणि मीटिंगमध्ये भीमराज भिंगारदिवे यांना कामावरून कमी करणे, असा ठराव. तयारच आहे तो, मीच टाइप केलाय. फक्त तुमच्या फॉर्मवरचा तो रकाना राहिलाय, 'यंत्राची स्थिती'. तिथं तुम्ही 'उत्तम' लिहिलंत की माणूस घरी.

काय? — हो. माझंही आडनाव भिंगारदिवेच. वडील आहेत माझे. नाही, लपवत नव्हते, तुम्ही विचारलं नाहीत. वीस वर्षं भिंगारच्या छावणीत लष्कराचं मैदान राखलंय त्यांनी, गवताच्या काडीवरून सांगतात मुळाला पाणी पोचलंय का ते, आणि ह्यांना कामचुकार म्हणणार कोण, तर ज्यांना गोल किक आणि कॉर्नर किक — आई गं!

काही नाही. काही नाही. चेंडू होता, पत्र्यावर आदळला. सराव चाललाय पोरांचा. मी अशीच दचकते हो, फोन वाजला तरी हातातली पेन्सिल पडते माझी, नानांना फार मजा वाटते त्याची, मुद्दाम मागून येऊन खाकरतात. काय सांगत होते? हं, पॅनेल.

एप्रिलमध्ये सुनील म्हणून मेकॅनिक आला होता तुमच्या खात्याकडून. शहाणा मुलगा. त्यानं बोअरशेजारी खांब रोवला, खांबावर ती फिरती चौकट चढवली आणि पॅनेलचं तोंड केलं दक्षिणेला. बरोबरच केलं. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेच्या अंगानंच जातो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण आमचं व्यासपीठ पडतं उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला, आणि उद्घाटन होतं एक मेला. आदल्या दिवशी नाना व्यासपीठावर चढले आणि गरजले, "आरं, ह्याची पाठ इकडं कशी? पाव्हणे हितं बसनार आन् हे मेलं पाठ करून हुभं? पाव्हण्याकडं पाठ करायची आपल्यात रीत न्हाई. फिरवा!" सुनील म्हणाला, दक्षिणेलाच लागतं साहेब. "दक्षिण! दक्षिणंला तोंड मयताच्या दिव्याचं असतंय. आमी उद्घाटन करतोय का दहावा घालतोय?" सगळी कमिटी हसली. कमिटी म्हणजे काय, नाना हसले की हसायचं, एवढंच तिचं काम. आमच्या घरात ह्या दिशा-बिशा कुणी मानत नाही हो, माझ्या आजोबांनीच त्या सोडून दिल्या, मला तर ऐकूनच — तर फिरवलं. उत्तरेला तोंड. फोटोत निळंशार आलं पॅनेल, पाहुणे खूश.

आणि गंमत बघा, पाणी आलं! धो धो आलं! मे महिन्यात सूर्य डोक्यावर, तोंड कुठंही करा, ऊन मिळतंच. नानांनी सगळ्यांसमोर सुनीलला विचारलं, "काय रं, दक्षिणवाल्या?" — बिचारा मान खाली घालून एसटीत बसला. पावसाळ्यात पाण्याचं कुणी बघतच नाही. थंडी सुरू झाली, सूर्य गेला खाली दक्षिणेला, आणि आमचं पॅनेल बसलंय पाहुण्यांची वाट बघत. एवढं साधं आहे, साहेब. चार बोल्ट आहेत. चार! ते सैल करायचे, चौकट फिरवायची, संपलं. पण खांबावर पाटी लावलीय, 'कोणीही हात लावू नये, आदेशावरून'. तर सांगायचं एवढंच की दोष कुणाचा —

थांबा, ते पान नंतर बघा. ते नुसतं ताबापत्र आहे, त्यात काही — द्या इकडे, मी दाखवते कुठलं पान ते.

... हो. सही माझी आहे. 'पॅनेलची दिशा तपासली. योग्य आहे.' अक्षरही माझंच.

कारण सुनीलनं लेखी मागितलं होतं. तो म्हणाला, फिरवतो, पण कुणीतरी सही करा. आणि नाना वळले माझ्याकडे — एवढी माणसं, सगळी माझ्याकडे वळली — "काय गं यशोधरा, तू तर शिकल्याली हायेस फिजिक. चालंल का न्हाई?" आणि तो आवाज असा अंगावर आला, साहेब, की मी दचकले आणि म्हणाले, "चालेल." म्हणजे तोंडातून गेलं. मग गेलेलं परत कसं घ्यायचं? सही केली. जूनमध्ये हंगामीची मुदत वाढवून मिळाली. नाही, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. असेलही. मी विचारलं नाही.

तुम्ही लिहीत का नाही आहात? मी कमिटीला हसत होते तेव्हा लिहीत होतात.

मग हेही ऐका. नोव्हेंबरात दादा — वडील — जेवताना म्हणाले, "पोरी, सूर्य तिकडून चाललाय आन् यंत्राचं तोंड इकडं, फिरवून बघू का?" चौथी शिकलेत ते. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "दादा, ते तुमचं छावणीतलं खुरपं नाही, यंत्र आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? मी फिजिक्स शिकलेय ना?" असं म्हणाले. आई भाकरी थापायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून दादांनी कावड काढली. विहिरीवरून डबे, दोन महिने, दोन्ही गोलच्या तोंडाशी तेवढं तरी हिरवं राहावं म्हणून — ते दोन हिरवे तुकडे दिसतायत ना तुम्हाला? — ते पंपाचे नाहीत. आणि परवा कमिटीनं बोलावून विचारलं, पाणी का देत नाहीस, यंत्रात बिघाड आहे का? तर म्हणाले, "न्हाई. यंत्र बराबर हाय. माझ्या पोरीनं तपासलंय." मी तिथंच बसले होते, टिपण घेत. ते वाक्य मी लिहून घेतलं, साहेब. जसंच्या तसं.

उठा. उठाच आता, चला माझ्याबरोबर, हा पाना घेतलाय मी. दोनशे पावलं चालताना कुणी मरत नाही. पोचलोच, बघा. हे होकायंत्र कॉलेजचं, परत करायचं राहिलं होतं, हा काटा बघा आणि हे पॅनेलचं तोंड बघा — तुम्हीही शिकलेलेच असाल ना काहीतरी? आणि सूर्य कुठंय बघा. बरं. आता रकान्यात लिहा, यंत्र चांगलं, दिशा चुकीची, चूक तपासणाऱ्या बाईची. यशोधरा भिंगारदिवे. माझी मुदत संपवतील, संपवू देत. दादांचं नाव त्यात नको, एवढंच. आणि पाच मिनिटं थांबून पाणी डोळ्यांनी बघा, म्हणजे नुसतं माझ्या शब्दावर नको, माझ्या शब्दाचं काय होतं ते बघितलंतच. हा एक सुटला. हा — गंजलाय मेला — सुटला.

— कोण? कोण आलं? जीप... नानांचीच आहे. हॉर्न त्यांचाच. नाही, मी दचकले नाही. पाना निसटला फक्त. हा तिसरा.

घड्याळ काय बघताय, तुमची नगरची गाडी पावणेतीनला आहे, अजून पाऊण तास आहे. अहो, फाइल का मिटताय? त्यांना बघून? ते काय तुमचे साहेब आहेत? बरं, लिहू नका, हा चौथाही सुटलाय, नुसती ती दुसरी बाजू धरा, चौकट जड आहे, एकटीला रेटत नाही. — नको? शर्ट मळेल? नाना बघतील?

ठीक आहे. रेटेन मी. जा तुम्ही, पोचाल वेळेवर. फिरतंय बघा. तिथून नाही, अलीकडून जा. व्हा बाजूला, साहेब — पॅनेलवर सावली पडतेय तुमची.