मगदूम साहेबांचा एकच चुकलेला आकडा

आजच्या सेवानिवृत्ती सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे माजी प्रमुख माननीय उदयसिंह घोरपडे साहेब, आवर्जून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, सरकारी वकील अनुजाताई सरनोबत, ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला आहे ते सत्कारमूर्ती श्रेणिक मगदूम साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या सौ. पद्मावती वहिनी, मगदूम परिवारातील सर्व मंडळी, आणि आमच्या अल्कोहोल विभागातील माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जणांनी श्रेणिकरावांचं कौतुक केलं आणि पाचही वेळा मी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या भाषणानंतर जरा हळू वाजवल्या, हे शेजारी बसलेल्या माझ्या सौभाग्यवतींच्या लक्षात आलं असणार. भाग्यश्रीच्या लक्षात सगळं येतं. संयोजकांनी मला सांगितलं, 'हेरवाडकर, तुम्ही सत्तावीस वर्षांचे सोबती, तुम्ही मनातलं बोला.' मनातलं बोलायचं तर सुरुवातीलाच सांगतो. या गृहस्थांचा मी सत्तावीस वर्षं हेवा केला आहे.

हसू नका, मी गंभीरपणे बोलतोय. आमच्या विभागात काम काय चालतं, हे बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगायला हवं. रस्त्यावर अपघात होतो, चालकाच्या रक्ताचा नमुना सीलबंद होऊन आमच्याकडे येतो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की चालकावर गुन्हा. यंत्र आकडा देतं, तो कुणीही वाचेल. कसोटी पुढे लागते. अपघात झाला दुपारी, रक्त घेतलं संध्याकाळी. मधल्या तासांत शरीरानं किती अल्कोहोल जिरवलं? किती प्याला, कधी प्याला, वजन किती, पोटात जेवण होतं का? हा हिशोब मांडून 'त्या वेळी रक्तात साधारण एवढं असावं' असं कोर्टाला सांगायचं. तेच आमचं खरं काम, आणि त्यात श्रेणिकरावांचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नाही.

आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, कांदा-बटाटा खाल्ला नाही, जो थंडीच्या दिवसांत पावणेसहाला विभागात डबा उघडतो कारण सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, त्या माणसाला कोल्हापूरपासून गडहिंग्लजपर्यंतच्या कोर्टांत 'दारूवाले साहेब' म्हणून ओळखावं, हा कुठला न्याय? मी महिन्यातून दोनदा घेतो. अनुभव माझा, नाव यांचं. आणि डब्याचंही सांगतो. वहिनींच्या हातची मुगाची उसळ आणि तुपातली भाकरी बघून मी माझ्या डब्याचं झाकण अर्धंच उघडायचो. घरी गेलो की भाग्यश्री विचारायची, 'आज मगदूम भावजी काय म्हणाले?' मी काय म्हणालो, हे तिनं कधी विचारलं नाही.

गडहिंग्लजच्या कोर्टातला एक प्रसंग सांगतो. नेसरीकडचा कृष्णात नावाचा एक ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टरवाला होता. साक्ष द्यायला आम्ही दोघेही गेलो होतो. कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं आम्हाला गाठलं.

"सायेब, दोनच घेतलंतं की. खोटं कशाला बोलू तुमच्याफुडं?"

श्रेणिकरावांनी शांतपणे विचारलं, "दोन म्हणजे केवढे?"

"आता पावणं, ते काय मोजून घेत्यात व्हय?"

आम्ही सगळे हसलो. कारण या धंद्यात आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, जगात कुणीही तीन पीत नाही. जो तो दोनच पितो. अहवालांच्या फायलींत शेकड्यांनी माणसं आहेत, आणि सगळ्यांनी दोनच घेतले आहेत.

श्रेणिकरावांनी साक्षीत काय सांगितलं, ते अनुजाताईंना आठवत असेल. ते म्हणाले, 'तपासणीखालील व्यक्तीने सांगितलेले प्रमाण मी गृहीत धरलेले नाही. म्हणून मी एक आकडा देणार नाही, इथपासून इथपर्यंत असं सांगेन.' न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. तेव्हापासून ते वाक्य सगळ्या वकिलांना पाठ आहे. मगाशी ताईंनी भाषणात ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत मी नव्हतो. कारण ते वाक्य श्रेणिकरावांच्या तोंडात का आलं, हे या सभागृहात फक्त दोन माणसांना माहीत आहे.

घोरपडे साहेब, आता मी आपल्याकडे वळतो. अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार आपल्याला आठवतो ना? राधानगरीजवळ आपल्या मेहुण्यांच्या शेतावर आपण सगळे गेलो होतो. पोलीस अधिकाऱ्यांना हा हिशोब शिकवण्याचं प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं आणि ते कुणी द्यायचं हे ठरत नव्हतं. नावं दोन, मगदूम आणि हेरवाडकर. आपण म्हणालात, 'पद्धत आधी आपल्या माणसांवर तपासू. हिशोब मगदूम मांडतील, आकडे जुळले तर प्रशिक्षण त्यांचं.' साडेबाराला आठ जणांनी घ्यायला सुरुवात केली, ज्याचा त्यानं साठ मिलीचा पेला भरायचा. साडेतीनला नर्सबाईंनी रक्त घेतलं, दंड पुसायला स्पिरिटही वापरलं नाही, इतकी काळजी. आणि अट अशी, की प्रत्येकानं श्रेणिकरावांना फक्त आपल्या पेल्यांचा आकडा सांगायचा. कारण खऱ्या प्रकरणात आपल्याला पिणाऱ्याचा शब्दच मिळतो. श्रेणिकराव पिणारे नव्हते, ते जांभळाखाली खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसले होते.

मी तीन घेतले. सांगितले दोन.

घोरपडे साहेब, आपण वळून बघताय, बघा. मी दोन सांगितले, कारण मला त्यांचा आकडा चुकायला हवा होता. दुसऱ्या दिवशी यंत्रावर आठ नमुने लागले. सात जणांचे आकडे श्रेणिकरावांच्या अंदाजाच्या चार-पाच मिलिग्रॅम इकडे-तिकडे. माझा त्यांनी लिहिला होता अडतीस, यंत्रानं दाखवला एक्क्याऐंशी. आपण त्यांना सगळ्यांसमोर म्हणालात, 'मगदूम, कोर्टात असा दुपटीनं चुकलात तर समोरचा माणूस तुरुंगात जाईल किंवा सुटेल, काय करणार?' श्रेणिकरावांनी वही मिटली. मी खिडकीतून पार्किंगकडे बघत उभा होतो. प्रशिक्षण मला मिळालं. अकरा वर्षं मी ते देतोय. पुण्यात, नाशकात, नागपुरात शाली आणि श्रीफळं घेतली आहेत. आणि प्रत्येक वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, 'सर, ते मगदूम साहेब तुमच्याच लॅबमधले का?'

म्हणजे बघा, त्यांच्या हातून ते काम काढून घेतलं, तरी पोटातली आग काही विझली नाही. उलट माझ्या त्या खोट्यामुळेच त्यांनी पिणाऱ्याचा शब्द हिशोबात धरायचं सोडलं, आणि त्याच वाक्यानं ते एवढे मोठे झाले. खोटं माझं, कीर्ती त्यांची. यावरही मी जळलो, आता बोला.

इथवरचं मला आधीपासून ठाऊक होतं आणि मी ते बरोबर घेऊनच गेलो असतो. पण गेल्या गुरुवारी श्रेणिकरावांनी विभागाचा पदभार माझ्याकडे दिला. जुन्या वह्या दिल्या, त्यात ती राधानगरीची वही होती. मी माझं पान काढलं. वजन बहात्तर, सुरुवात साडेबारा, पेले दोन, आकडा अडतीस. आणि त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 'तीन पाहिले. तीन धरल्यास एकोणऐंशी. हेरवाडकर दोन म्हणाले, दोन धरले.'

एकोणऐंशी. यंत्राचा आकडा एक्क्याऐंशी होता. ते चुकलेच नव्हते.

मी वही घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. ते कपाटाची किल्ली पाकिटात घालत होते. मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हाच साहेबांना का नाही सांगितलंत?"

"अट ठरली होती. सांगेल तो आकडा धरायचा."

"अहो, पण प्रशिक्षण गेलं की तुमच्या हातचं."

तेव्हा त्यांनी पाकीट खाली ठेवलं. म्हणाले, "उन्मेषराव, मी काही देवमाणूस नाही. मला भयंकर राग आला होता. दोन महिने मी तुमच्याबरोबर डब्याला बसलो नाही. खाली जिन्याशी एकटा जेवत होतो. वाटलं, तुम्ही विचाराल का. तुमच्या लक्षातही आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. ते दोन महिने मी प्रशिक्षणाच्या तयारीत होतो. डबा मजेत, झाकण पुरतं उघडून खात होतो.

वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. मान खाली घालायची ती मी. घोरपडे साहेब, त्या दिवशी आपण ज्या माणसाला बोललात तो बरोबर होता, आणि ज्याला काम दिलंत तो खोटं बोलला होता. मी आज सकाळी कार्यालयाला पत्र दिलं आहे. त्यात ही सगळी हकिकत आहे, वहीच्या पानाची प्रत आहे, आणि पुढच्या महिन्यापासून प्रशिक्षण श्रेणिकरावांनी मानद म्हणून घ्यावं अशी विनंती आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. पत्र द्यायला गेलो तेव्हा दारातून दोनदा परत फिरलो. हेही खरं सांगतो, की त्यातलं एकच परतणं शरमेचं होतं. दुसरं, आता शालीही त्यांनाच मिळणार, याचं होतं.

वेळ बरीच झाली, भोजनाची पंगत खोळंबली आहे, आणि श्रेणिकरावांच्या दृष्टीनं सूर्य कलायला लागला आहे. संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे मनापासून आभार. आपण सर्वांनी माझं हे लांबलेलं बोलणं गोड मानून घेतलंत, त्याबद्दल आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं सोडून द्यावं.

राधानगरीचं मात्र सभागृहानं सोडायचं नाही. तो अधिकार एकट्या श्रेणिकरावांचा आहे. आणि श्रेणिकराव, हात जोडून सांगतो, आज मला माफ करू नका. थोडे दिवस पुन्हा रागावून राहा, मी या वेळी विचारायला येईन. आज या सगळ्यांसमोर उठून माफ केलंत, तर त्यातही तुम्हीच मोठे ठराल, आणि तेवढं मला अजून सोसवायचं नाही.