न विचारलेलं आडनाव

बाबा : आणि तो सतरा नंबर? मघापासून नुसता आपटतोय बर्फावर. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय, ह्यांना विचार.

गिरिजा : बाबा, ओंद्रा तुमच्या शेजारीच बसलाय. तुम्हीच विचारा की. जावई आहे तुमचा.

बाबा : माझं इंग्रजी कचेरीतलं. आइस हॉकीला चालत नाही. विचार तू.

ओंद्रा : पोस्पिशिल.

गिरिजा : पोस्पिशिल. म्हणजे 'घाई केली'.

बाबा : घाई केली? हे काय आडनाव झालं? क्रियापद आहे हे.

गिरिजा : चेक लोकांत असतात अशी. कुणीतरी एकदा काहीतरी करून बसतो, गाव ते त्याला चिकटवून टाकतं. मग पोरंबाळं, नातवंडं, सगळी 'घाई केली'.

बाबा : आणि तो उंच, गोरा?

ओंद्रा : डोलेझल.

गिरिजा : 'लोळत पडला'.

बाबा : एक घाई करतो, एक लोळत पडतो. हरणार हा संघ.

गिरिजा : हरतोच आहे. ओंद्राच्या गावचा संघ आहे, बाबा. लॅपटॉपवर दिसतो हेच खूप.

बाबा : तो गोल राखणारा? पाठीवर मावत नाही एवढं नाव.

ओंद्रा : स्कोचदोपोले.

गिरिजा : 'शेतात उडी मार'.

बाबा : कोण म्हणालं त्याला असं?

गिरिजा : कुणास ठाऊक. कुणीतरी म्हणालं असेल, आणि ह्याने मारली असेल.

बाबा : अगं, ही तर आपलीच माणसं! आपल्याकडे पोटदुखे आहेत, आगलावे आहेत. आणि आम्ही उकिडवे. कुणी एक पूर्वज उकिडवा बसला, तो दहा पिढ्या उठलाच नाही. सांग ह्यांना.

गिरिजा : सांगितलंय. लग्नाआधीच.

बाबा : पुन्हा सांग. मजा वाटेल त्यांना.

ओंद्रा : उकिडवे! मला माहीत आहे. मला जमत नाही तसं बसायला. गुडघे.

बाबा : काय म्हणतात?

गिरिजा : त्याचे गुडघे दुखतात तसं बसलं की.

बाबा : दुखणारच. खुर्चीवर वाढलेले गुडघे.

ओंद्रा : गोल! गोल! माझा भाऊ!

गिरिजा : नऊ नंबर, बाबा. ओंद्राचा धाकटा भाऊ. बघा, सगळे त्याला मिठ्या मारताहेत.

बाबा : हो, दिसलं. छान मारला. चपळ आहे पोरगा. हा दहा नंबर कोण?

गिरिजा : नऊ नंबरच्या पाठीवर काय लिहिलंय, वाचलंत?

बाबा : दहा. मी दहा विचारला.

ओंद्रा : नेमेत्स.

गिरिजा : नेमेत्स म्हणजे जर्मन माणूस. मुळात मात्र मुका. ज्याला आपली भाषा येत नाही तो मुकाच, असं समजायचे.

बाबा : मग ह्या आयर्लंडातल्या एनिसमध्ये मी नेमेत्स. तो बसवाला काय बोलतो, देव जाणे. आणि तू सकाळी सांगितलंस, चहाची पावडर प्रेसमध्ये आहे. मी इस्त्रीच्या टेबलाखाली शोधत बसलो.

गिरिजा : इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

बाबा : म्हणू देत. मी पडतो जरा. जेवण अंगावर आलं.

गिरिजा : मॅच संपायचीय अजून. नावंही उरलीत.

बाबा : उरू देत. उद्या विचारीन. आजच सगळी संपवली तर उद्या ह्यांच्याशी बोलायचं काय?

ओंद्रा : झोपले?

गिरिजा : घोरताहेत. तरी इंग्रजी हळू बोल. त्यांना सोयीपुरतं कळतं.

ओंद्रा : त्यांनी राखीव खेळाडूंची नावं विचारली. पंचाचं विचारलं.

गिरिजा : मी तिथेच होते.

ओंद्रा : तू सांगून टाक ना. 'बाबा, कुचेरा म्हणजे अमुक.' एका वाक्याचं काम आहे.

गिरिजा : नाही. मी सांगायचं नाही. त्यांनी विचारायचं.

ओंद्रा : का?

गिरिजा : आपलं ठरलं तेव्हा फोनवर काय म्हणाले होते ते? 'कुचेरा की कचरा? ज्याच्या आडनावाचा अर्थ ठाऊक नाही त्या घरात मुलगी द्यायची कशी?' चार वर्षं झाली. मग आता अर्थ विचारा की. एवढंच म्हणणं आहे माझं.

ओंद्रा : कचरा हा शब्द मला तेव्हा येत नव्हता. आता येतो. दर मंगळवारी मी बिन बाहेर न्यायला विसरलो की तू ओरडतेस.

गिरिजा : हसू नकोस.

ओंद्रा : मला नव्हता राग आला, गिरिजा. शाळेत मला याहून वाईट म्हणायचे.

गिरिजा : मला आला.

ओंद्रा : मग हे त्यांना सांग.

गिरिजा : आई असती तर तिने पहिल्याच दिवशी तुला विचारलं असतं, आणि बाबांनाही चार शब्द सुनावले असते. मला ते जमत नाही. ते समोर आले की माझ्या तोंडून निघतं, 'गोळी घेतलीत का?'

ओंद्रा : अजून पंधरा दिवस आहेत ते. आणि 'उद्या' म्हणालेत.

गिरिजा : हो, म्हणालेत. चल, आधण ठेव. उठले की लगेच चहा लागतो त्यांना.

(दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले. आता शॅननचं दाहगृह. उघडी शवपेटी, बाजूला गिरिजा आणि ओंद्रा. गिरिजाच्या हातातल्या फोनवर सांगलीचे गुरुजी.)

गुरुजी : ताई, फोन जरा खाली घ्या. मला छत दिसतंय. हां, आता दिसले आमचे मोरेश्वरराव. शांत दिसतात हो अगदी.

गिरिजा : गुरुजी, इथे अर्ध्या तासासाठी खोली दिलीय. फुलं चालतील, तूप चालेल. ज्योत पेटवायची नाही म्हणाले.

गुरुजी : नाही तर नाही. तुळशीपत्र मिळालं?

गिरिजा : तुळशीचा चहा मिळाला. पिशव्या फोडून आणलाय.

गुरुजी : चालेल. तुळस ती तुळस. आणि घरी चूल पेटवली नाहीत ना? कुणी पिठलंभात आणून दिला?

गिरिजा : शेजाऱ्यांनी सँडविचं आणली. अख्ख्या गल्लीतून आली. फ्रीजचं दार लागत नाहीये.

गुरुजी : वा. कसली?

गिरिजा : ते तुम्ही विचारू नका.

गुरुजी : बरं, नाही विचारत. विधी कोण करणार?

गिरिजा : मी. मला भाऊ नाही.

गुरुजी : ठाऊक आहे हो, तरी विचारावं लागतं. करा तुम्ही. हल्ली मुली करतात, आणि मन लावून करतात. संकल्पाला गोत्र लागेल. माहेरचं मला पाठ आहे, पण लग्न झालं की ते सुटतं. जावईबापूंचं गोत्र सांगा.

गिरिजा : तो चेक आहे, गुरुजी. गोत्र नसतं त्यांच्यात.

गुरुजी : मग कश्यप. ज्याचं गोत्र ठाऊक नाही तो कश्यप, अशी सोय आहे आपल्याकडे. मागे एका कॅनडाच्या जावयालाही कश्यपच लावलं. छान चाललंय त्याचं. कुठे आहेत जावईबापू? दिसू तरी देत.

गिरिजा : ओंद्रा, इकडे ये. कॅमेऱ्यात.

ओंद्रा : नमस्कार, गुरुजी.

गुरुजी : अरे वा! नमस्कार, नमस्कार. पूर्ण नाव काय यांचं?

गिरिजा : ओंद्रेय कुचेरा.

गुरुजी : कुचेरा. म्हणजे काय हो? ताई? आवाज येतोय का? चित्र हलत नाहीये.

गिरिजा : येतोय. काय म्हणालात?

गुरुजी : कुचेरा म्हणजे काय? सहज विचारलं. आम्हांला आपली सवय, नाव आलं की अर्थ विचारायचा.

गिरिजा : कुरळे केस. कुरळ्या केसांचा माणूस.

गुरुजी : कुरळ्या... पण यांना तर...

ओंद्रा : टक्कल. हो, गुरुजी. हा मराठी शब्द मला येतो.

गुरुजी : क्षमा करा हां. अशा वेळी हसू नये. पण मोरेश्वररावांनी काय पिडलं असेल यांना त्यावरून! मी ओळखतो ना त्यांना. आमच्या शेंडीला चाळीस वर्षं सोडलं नाही त्यांनी.

गिरिजा : नाही पिडलं.

गुरुजी : शक्यच नाही.

गिरिजा : त्यांना अर्थ माहीतच नव्हता. त्यांनी विचारला नाही कधी.

गुरुजी : असं होय.

गिरिजा : हो.

गुरुजी : बरं. असं करा, ताई. संकल्प सांगण्याआधी त्यांच्या कानाशी काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. मंत्र काय, माझ्यापाशीच आहेत, पळून जात नाहीत.

गिरिजा : काय बोलतात?

गुरुजी : ज्याला जे सुचेल ते. काही जण नुसतं 'बाबा' म्हणतात. पुरतं तेवढंही.

ओंद्रा : फोन दे माझ्याकडे. मी धरतो.

गिरिजा : तू जाऊ नकोस. थांब इथेच.

ओंद्रा : इथेच आहे.

गिरिजा : बाबा. गुरुजींनी विचारलं. ऐकलंत ना? दोन मिनिटांच्या ओळखीत विचारलं. इथल्या पोस्टातल्या बाईने विचारलं होतं, दंतवैद्याने विचारलं होतं. तुम्ही विचारलं असतंत तर जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला असतात, आणि मग रोज त्याला छळलं असतंत. मी वाट बघत होते त्याची. एकदा कचरा म्हणून बसलात आणि मग विचारायची चोरी झाली तुम्हांला. कळत होतं मला. कळूनही राग होता. तुम्हांला चहा देताना होता, गोळ्या देताना होता. विमानतळावर तुम्हांला वाकून नमस्कार केला तेव्हाही होता.

गुरुजी : बोला, ताई. थांबू नका.

गिरिजा : आत्ताही आहे. कुठे जायचं आता हा घेऊन? बाबा, मला तुमच्याशी एकदा मनसोक्त भांडायचं होतं.